उन्हाच्या पेटीतलं गोडं पाणी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात खारपाण पट्ट्यातल्या पिण्याच्या पाण्यावर लिहिलं होतं आणि त्यात शेवटी दोनच ओळी होत्या, की साध्या काचेच्या पेटीत नुसत्या उन्हावर खारं पाणी गोडं करता येतं, चौरस मीटरला दिवसाला तीन-चार लिटर, वीज लागत नाही की फिल्टर लागत नाही. तुमचे जवळपास सगळे प्रश्न त्या दोन ओळींवरच आलेत. म्हणून यावेळी सदर पूर्ण त्यालाच देतोय. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, म्हणून फक्त ठिकाणं देतो.

सर नमस्कार, आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलीग्रॅममध्ये) ३,२०० आलाय. घरात पाच माणसं. डाळ शिजत नाही, चहा फाटतो, प्यायला रोज जार आणावा लागतो. तुम्ही म्हणता ती पेटी बसवली तर जार बंद होईल का? (तालुका दर्यापूर)

भाऊ, होईल, पण एका पेटीत नाही. पेटीत उन्हाने पाण्याची वाफ होते, मीठ खाली राहतं आणि वाफ काचेवर गार होऊन गोडं पाणी बनते. किती पेट्या लागतील ते आधी कागदावर काढू.

आपल्याकडे एक चौरस मीटर जागेवर दिवसभरात साधारण साडेपाच युनिट ऊन पडतं, युनिट म्हणजे लाईट बिलावरचं तेच युनिट. एक लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला जवळजवळ ०.६७ युनिट लागतात. म्हणजे उन्हाचा एक कणही वाया गेला नाही तरी चौरस मीटरला आठ लिटर, त्याच्यावर साधी पेटी जाऊच शकत नाही. आणि वाया तर खूप जातं, काचेतून जातं, बुडातून जातं, वाऱ्याने जातं. हातात येतं अडीच ते चार लिटर, उन्हाळ्यात चारच्या जवळ, डिसेंबर-जानेवारीत अडीच किंवा त्याहून कमी.

पाच माणसांचं प्यायचं पाणी माणशी तीन लिटर धरा, १५ लिटर झालं. म्हणजे चौरस मीटरच्या पाच पेट्या, पूर्ण उन्हात, सावली न येणाऱ्या जागी. माझ्या गच्चीवरची पेटी काच, पत्रा, सिलिकॉन आणि सुताराची मजुरी धरून चार हजाराच्या आसपास पडली, तशा पाच म्हणजे वीस हजार. तुमचा जार वीस रुपयांचा असेल आणि रोज एक लागत असेल तर वर्षाचे ७,३०० जातात. म्हणजे तीन वर्षांत पैसे फिटतात, पण ती तीन वर्षं पेट्या नीट सांभाळल्या तर. आंघोळीला, धुण्याला, गुरांना हे पाणी पुरणार नाही, तसं कोणी सांगून पेटी विकायला आलं तर घेऊ नका. डाळीपुरतं मात्र जरूर वापरा, दोन वाट्या गोडं पाणी टाकलं की तीच तूरडाळ कशी शिजते ते बघा.

पाच जमत नसतील तर एकच करा आणि ते पाणी घरातल्या सगळ्यात लहान मुलाला आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला द्या. मी हे मनापासून सांगतोय. आपल्याकडे पूर्णेच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला, बुलढाण्यातली शेकडो गावं या पट्ट्यात आहेत, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या मचूळ पाणी 'चालतं' म्हणून प्यायलं जातं. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या आत हवा आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायचा. तुमचं ३,२०० आहे. ते चालत नाही.

मी गृहिणी आहे, मिस्टर गवंडीकाम करतात. ही पेटी घरी बनवता येईल का आणि कशी, जरा सविस्तर सांगा ना सर. (तालुका तेल्हारा)

ताई, तुमच्या घरात गवंडी आहे म्हणजे अर्धं काम झालंच. गवंड्याच्या हातची पेटी पत्र्याच्या पेटीपेक्षा टिकाऊ होते असं माझं स्पष्ट मत आहे, कारण खाऱ्या पाण्याने पत्रा दोन-तीन पावसाळ्यात खाल्ला जातो, माझी पहिली पेटी तशीच गेली.

जमिनीवर किंवा गच्चीवर विटांचा एक उथळ हौद करायचा, आतून साधारण एक मीटर बाय एक मीटर, आणि त्याला सिमेंटचा गुळगुळीत गिलावा द्यायचा ज्यात काळा ऑक्साईड मिसळलेला असेल, आपण फरशीला वापरतो तोच. काळा रंग ऊन पितो. गच्चीवर करणार असाल तर हौदाखाली कोरड्या लाकडी भुशाचा चार बोटं थर प्लास्टिकमध्ये बांधून घाला, नाहीतर बरीच उष्णता स्लॅबमध्ये उतरते. उत्तरेची भिंत उंच, दक्षिणेची बुटकी, म्हणजे वर ठेवलेली काच दक्षिणेकडे उतरती होते. उतार आपल्या भागात १५ ते २० अंश पुरे. बुटकी भिंत जितकी बुटकी ठेवता येईल तितकी ठेवा, काच पाण्याच्या जवळ असेल तर वाफेला लांब फिरावं लागत नाही.

काच साधी खिडकीची, ४ मिलीमीटरची. प्लास्टिक स्वस्त पडतं म्हणून लोक ते लावतात आणि फसतात, कारण प्लास्टिकवर वाफेचे मणी-मणी होतात आणि ते जागच्या जागी परत हौदात टपकतात, काचेवर मात्र पातळ पापुद्रा होऊन पाणी उतारावरून घरंगळत खाली येतं. त्यासाठी आतली बाजू राखेने घासून स्वच्छ धुवा, तेलकट हात लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पन्हळ. काचेच्या खालच्या टोकाला, आतून, दक्षिण भिंतीच्या कडेने एक पन्हळ जाते आणि घरंगळलेलं पाणी त्यात पडून नळीने बाहेर येतं. मी पहिल्यांदा पीव्हीसी पाईप उभा चिरून लावला होता. एप्रिलच्या उन्हात तो मऊ होऊन मधोमध खाली लोंबला आणि तयार झालेलं गोडं पाणी परत खाऱ्यात सांडत राहिलं, मी मात्र आठवडाभर काचच दोषी धरून बसलो होतो. स्टीलची पट्टी वाकवून घ्या, भांडीवाल्याकडे सहज मिळते, आणि तिला एका बाजूला अर्धा इंच उतार द्या.

सगळे सांधे सिलिकॉनने बंद करायचे. वाफ जिथून बाहेर जाईल तिथून तुमचं पाणी जातंय हे लक्षात ठेवा, सकाळी काचेच्या कडेला बाहेरून ओल दिसली की तिथे फट आहे. पाणी ओतायला एक नळी वर आणि शिल्लक खारं पाणी काढायला एक नळी बुडाशी.

पाणी किती भरायचं? एक-दोन सेंटीमीटर, जास्त नाही! इथे सगळे चुकतात, हौद भरून ठेवतात आणि मग दुपारी चारपर्यंत ते तापतच बसतं. रोज सकाळी ऊन चढायच्या आधी भरा. हौद भर दुपारी कोरडा पडला असेल तर त्यात गार पाणी ओतू नका, काच तडकते. आणि रोज जेवढं गोडं निघतं त्याच्या दुपटीने खारं पाणी आत घालून बाकीचं वाहू द्या म्हणजे बुडाला मीठ साचत नाही. तरी पांढरा थर बसतोच, महिन्यातून एकदा लिंबू किंवा व्हिनेगर घालून घासा. सिमेंट-सिलिकॉनचा वास जाईपर्यंत पहिले आठ-दहा दिवस निघालेलं पाणी झाडांना घाला.

पाणी उकळून, तुरटी फिरवून खारटपणा जातो का? आमच्याकडे आजी तसंच करते. (जळगाव जामोद)

नाही. तुरटीने गाळ बसतो, उकळल्याने जंतू मरतात, दोन्ही चांगल्या सवयी आहेत, आजींना थांबवू नका. पण विरघळलेलं मीठ दोन्हीने हलत नाही, उलट उकळताना थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि मागे राहिलेलं अजून खारट होतं. नायट्रेटचंही तेच. पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलीग्रॅमच्या वर असेल आणि घरात वरचं दूध पिणारं तान्हं बाळ असेल तर ते पाणी कितीही उकळलं तरी बाळाच्या दुधात घालू नका. त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. एकदा पाणी तपासून घ्याच, जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेत होतं.

मग गॅसवरच कुकरला नळी लावून वाफेचं पाणी करावं, उन्हाची वाट कशाला बघायची? (अकोला)

करून बघा आणि सिलिंडर किती दिवस जातो ते मला कळवा. माझा हिशोब असा, १४.२ किलोच्या भरल्या सिलिंडरमधली उष्णता, शेगडीत वाया जाणारी वजा करून, साधारण दीडशे लिटर पाण्याच्या वाफेला पुरते. म्हणजे पाच माणसांच्या घराला दहा दिवस. शिवाय पेटलेल्या शेगडीवर शिट्टी काढून नळी खोचलेला कुकर, त्या नळीत क्षार अडकला तर काय होईल याचा विचार करा. नको.

आमची विहीर खाडीच्या काठावर आहे. मार्चनंतर पाणी मचूळ होतं, मे महिन्यात तोंडात घेववत नाही. समुद्राच्या पाण्यावर पेटी चालते का? आणि पावसाळ्यात काय? (रत्नागिरी जिल्हा)

चालते, आणि खरं सांगायचं तर पेटीचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे की पाणी किती खारं आहे याचं तिला फारसं काही वाटत नाही. घरगुती आरओ मशीन बहुतेक २,००० टीडीएसपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेली असतात, समुद्राचं पाणी असतं ३५,००० च्या आसपास, ते त्यात घातलं तर एका दिवसात मशीन बसेल. पेटीत मात्र वाफ फक्त पाण्याची होते, मीठ खालीच राहतं, मग ते तीन ग्रॅम असो की पस्तीस.

याचा जुना दाखला आहे. दक्षिण अमेरिकेत चिलीच्या आटाकामा वाळवंटात लास सालिनास नावाच्या ठिकाणी १८७२ साली चार्ल्स विल्सन या इंजिनियरने लाकडी हौदांवर काचा टाकून असाच कारखाना उभारला होता, साडेचार हजार चौरस मीटरच्या वर काच, आणि रोज वीस हजार लिटरच्या वर गोडं पाणी. सोऱ्याच्या खाणीतल्या माणसांना आणि ओझी वाहणाऱ्या खेचरांना ते प्यायला मिळायचं. तिथलं पाणी समुद्राच्या कितीतरी पट खारं होतं तरी कारखाना जवळजवळ चाळीस वर्षं चालला. आणि आपल्या जवळचं बघायचं तर भावनगरला केंद्रीय मीठ आणि सागरी रसायन संशोधन संस्था आहे, तिने १९७८ साली शेजारच्या अवानिया गावात असाच मोठा प्रकल्प केला, १,८०० चौरस मीटरच्या वर काच आणि रोजचं ५,००० लिटर. भागाकार करून बघा, चौरस मीटरला पावणेतीन लिटर येतं. दर्यापूरच्या भाऊंना वर दिलेला आकडा यात बसतो, म्हणून मी तो ठामपणे देतो.

तुमच्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या. एक, पत्रा अजिबात नको, खाडीच्या हवेत तो टिकत नाही, सिमेंटचा हौद नाहीतर फायबरचा ट्रे घ्या. दोन, जून ते सप्टेंबर पेटीला सुट्टी, तेव्हा काचेच्या बाहेरून पन्हळ लावून पाऊस धरा. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर, तुमच्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलीमीटर पडतो! पेटीच्या एका काचेवरूनच अडीच हजार लिटर, मग अख्ख्या कौलारू घरावरून किती जात असेल. पहिले दोन-तीन जोरदार पाऊस सोडून द्या, कौलं धुऊन निघू द्या, मग टाकीत घ्या. कोकणात मला विचाराल तर आधी टाकी बांधा आणि पेटी नंतर, टाकी एप्रिलपर्यंत पुरेल आणि पेटी एप्रिल-मे सांभाळेल. विहीर बिघडते तेव्हाच ऊन सगळ्यात कडक असतं, हे तुमच्या बाजूने आहे.

असं वाफेचं पाणी 'मेलेलं' असतं, त्यात मिनरल नसतात, हाडं ठिसूळ होतात असं व्हॉट्सअपवर वाचलं. आईला बीपी पण आहे. (परतवाडा)

तुमच्या काळजीचं उत्तर दोन भागात देतो. खनिजं आपल्याला मुख्यतः जेवणातून मिळतात, भाकरी, डाळ, तीळ, दूध, हिरव्या भाज्या. ते ताट भरलेलं असेल तर पाण्यातली खनिजं गेल्याने हाडं ठिसूळ होत नाहीत. ज्यांचं ताटच अर्धं आहे त्यांचा प्रश्न पाण्याचा नाही, ताटाचा आहे. मात्र ४५ डिग्रीत शेतात राबणाऱ्या माणसाच्या घामातून मीठ जातं, त्याने लिंबू-मीठ-साखरेचं सरबत प्यावं, पाणी कुठलंही असो.

दुसरं, हे पाणी भुकेलं असतं, ज्या भांड्यात ठेवाल त्यातलं काहीतरी उचलतं. म्हणून तांब्या-पितळेत किंवा गॅल्व्हनाईज्ड टाकीत साठवू नका. मातीचा माठ, स्टील, काच. माठात चवही येते, नाहीतर सुरुवातीला अळणी लागतं. चव अगदीच लागत नसेल तर दहा पेल्यांत एक पेला बोअरचं पाणी, उकळून गार केलेलं, मिसळा. ३,००० टीडीएसचं असलं तरी मिश्रण ३०० च्या आत राहतं. फ्लोराईड किंवा नायट्रेट जास्त असलेल्या गावात मात्र असं मिसळू नका.

आईंच्या बाबतीत, खारं पाणी म्हणजे दिवसभर नकळत पोटात जाणारं मीठ, बीपीला ते चांगलं नाहीच. पाण्याचा तपासणी अहवाल डॉक्टरांना दाखवा, भाजीतलं मीठ मोजतो तसं पाण्यातलंही मोजायला हवं.

आणि एक सांगायचं राहिलं, वाफेबरोबर मीठ येत नाही, जंतू येत नाहीत, पण रॉकेल, पेट्रोल किंवा काही फवारणीची औषधं वाफेबरोबर येऊ शकतात. विहिरीत फवारणीचा पंप धुतला जात असेल तर त्या विहिरीचं पाणी पेटीत घालू नका. पन्हळीत कोळी-किडे जाऊ देऊ नका, नळीच्या तोंडाला मलमलचा तुकडा बांधा.

सर, मी अकरावीत आहे. एका व्हिडिओत सांगितलं की एक चौरस मीटरमधून तासाला जवळजवळ सहा लिटर पाणी काढलंय. तुम्ही मागच्या अंकात दिवसाला तीन-चार म्हणालात. कोण बरोबर? (पुणे)

बेटा, दोन्ही बरोबर, आणि हा प्रश्न विचारलास याचा मला फार आनंद झाला.

साध्या पेटीत काय होतं बघ. वाफ काचेला भिडते, तिचं पाणी होतं आणि होताना तिने उन्हाकडून घेतलेली सगळी उष्णता ती काचेला देऊन टाकते. काच ती वाऱ्याला देते. म्हणजे आपण एवढ्या कष्टाने गोळा केलेलं ऊन एकदाच वापरून फेकून देतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या इव्हलिन वँग आणि चीनमधल्या शांघाय जिओ टाँग विद्यापीठाच्या लोकांनी मिळून २०२० साली जे दाखवलं ते असं, की पहिल्या थरातल्या वाफेची सोडलेली उष्णता मागच्या दुसऱ्या थरातलं पाणी तापवायला वापरायची, दुसऱ्याची तिसऱ्याला, असे दहा थर. चौरस मीटरला तासाला ५.७८ लिटर. आता मघाचा ०.६७ घे आणि गुण, ३.८७ युनिट येतात, आणि कडक उन्हात तासाला चौरस मीटरवर पडतं एक युनिट. म्हणून त्यांनी ३८५ टक्के म्हटलं. ऊर्जा कुठून जास्त आली नाही, तीच परत-परत वापरली.

पण हे यंत्र छोटं होतं, थर एकमेकांपासून काही मिलीमीटरवर, त्यात पाणी खेचणारी वात असते आणि वातीत मीठ जमतं. आमच्या भागात पाण्यात मिठाबरोबर चुनाही असतो, तो वातीत बसला की लिंबाने घासता येत नाही. ती गोष्ट सोडवायला कोणीतरी हवंय. तुला जमेल तर कर, पण आधी घरी दोन थरांची पेटी करून बघ, वरच्या काचेवर बोटभर पाण्याचा दुसरा उथळ हौद आणि त्यावर दुसरी काच. दोन्ही थरांचं पाणी वेगळं मोजून महिनाभर वहीत लिही आणि मला पाठव.

आमच्या शाळेत २१० मुलं आहेत, गावचं पाणी ४,००० टीडीएस. ग्रामपंचायत विचारतेय, पेट्या करू की सोलर पॅनेलवर आरओ? (बुलढाणा जिल्हा, मुख्याध्यापिका)

मॅडम, आरओ, पण घरगुती नाही, गावपातळीचा मोठा. मुलाला शाळेच्या वेळात एक लिटर धरलं तरी २१० लिटर, म्हणजे सत्तर पेट्या, त्या धुणार कोण. राजस्थानात सांभर सरोवराजवळ कोटडी गावात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेज या संस्थेने २००६ साली सौर पॅनेलवरचा आरओ बसवला, तासाला ६०० लिटरचा, आणि तो गावातल्याच लोकांनी चालवला. तो नमुना शाळेला बसतो.

ग्रामपंचायतीला ठराव करताना तीन गोष्टी लिहून घ्यायला सांगा. मेम्ब्रेन (आरओतला पाणी गाळणारा पडदा) बदलायचे पैसे दरवर्षी कुठून येणार ते आधी ठरलेलं हवं, कारण मी बंद पडलेले जे आरओ पाहिलेत त्यातले बहुतेक पॅनेलमुळे नाही, या एका खर्चापायी बंद पडलेत. गावातल्या दोन बायकांना ते चालवायचं रीतसर शिक्षण आणि मानधन. आणि जे जास्त खारं पाणी बाहेर फेकलं जातं, ते कुणाच्या शेतात किंवा नाल्यात सोडायचं नाही, आपली काळी माती आधीच क्षाराने चिकट होऊन बसलीय. त्यासाठी प्लास्टिक अंथरलेला उथळ खड्डा करा, उन्हाने आटवा. आणि त्यातल्याच एका कोपऱ्यात मुलांकडून काचेची एक पेटी करून घ्या, कोणत्या वर्गाने किती मिलीलिटर मोजलं ते फळ्यावर रोज लिहायचं. पहिल्या महिन्याचे आकडे पुढच्या अंकासाठी पाठवा, मी छापतो.